घरतभाऊ आणि पाचवा पहारेकरी

आमचे शेजारी घरतभाऊ टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघतात. टीव्ही समोरच्या भिंतीवर, आणि हे खुर्ची उलटी फिरवून दाराकडे तोंड करून बसलेले. कान तेवढे मागे. पार्श्वसंगीत जरा चढलं की मान खांद्यात जाते आणि खोलीत जो कुणी असेल त्याला प्रश्न येतो, "कोन मरत नाय ना?"

हा प्रश्न ते सगळ्यालाच विचारतात. पेपर हातात घ्यायच्या आधी, नाटकाचं तिकीट काढायच्या आधी. एकदा मी त्यांना कादंबरी वाचायला दिली तर कव्हरवरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले, "ही शेवटपर्यंत टिकते काय?" मी म्हटलं टिकते. तरी शेवटचं पान आधी वाचूनच पुस्तक घरी नेलं.

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर आहे. मूळचे इथलेच, गावठाणातले. तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी खात्यात होते. म्हणजे इतर लोक कामाचा पगार घेत, हे घाबरण्याचा घेत. निवृत्त झाले, पण सवय सुटली नाही. गॅस तीनदा बघतात. लिफ्टमध्ये शिरण्याआधी तिला वरून खालून न्याहाळतात. उलव्याच्या विमानतळाकडे जाणारं विमान जरा खालून गेलं की गच्चीवरचे कपडे तसेच टाकून खाली येतात. मी त्यांची खूप थट्टा करते. माझ्या अंगात खोडीच आहे तशी. पण या सगळ्या भीतींची मूळ भीती वेगळी होती, आणि ती कळली तेव्हा माझं हसू आपोआप बंद झालं.

पाच पहारेकऱ्यांची चित्रकथा आठवते का तुम्हाला? स्टेशनरीच्या दुकानात दोरीला अडकवलेली असायची. लोहबाहू भिंती फोडायचा, वीजकन्या विजा पाडायची, वावटळ उडायचा, अदृश्या दिसायची नाही. आणि पाचवा चाहूल. किडकिडीत, डोळे मोठे, कायम घामाघूम. त्याला काहीच यायचं नाही. त्याला फक्त सगळ्यांच्या आधी भीती वाटायची. तो "थांबा!" म्हणायचा आणि बाकीचे चौघे वाचायचे. घरतभाऊंचा जीव या चाहूलवर. आता यात नवल नाही, हे म्हणजे खात्यातलाच माणूस सापडला.

मी सोसायटीत नवीन होते तेव्हाची गोष्ट. या पहारेकऱ्यांची टीव्हीवर मालिका लागायची. चाहूलचं तिथे लग्न लावून दिलं होतं, त्याला सासूही दिली होती, तरी आम्ही बघायचो. शेवटच्या भागाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला, भाग संपत आला असताना, आमच्या विंगची वीज गेली. समोरच्या विंगमध्ये दिवे झगमगतायत आणि आम्ही अंधारात. मी टॉर्च घेऊन तावातावाने खाली उतरले. मीटरच्या खोलीत घरतभाऊ उभे होते. हातात फ्यूज.

"वयनी, वरडू नका," ते म्हणाले. "पाच मिंटं. फक्त पाच मिंटं अंधार पायजे. पोरगा बगतोय वरती."

मग तिथेच, त्या घामट खोलीत, त्यांनी मला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको वाशीच्या एका दवाखान्यात होती. पोरगा संकेत सहा वर्षांचा. बाकावर बसून कंटाळायचा म्हणून ते त्याला चित्रकथा आणून द्यायचे. त्या मालेचा शेवटचा अंक आणला. बोगदा कोसळतोय, चाहूल बाकीच्या चौघांना बाहेर ढकलतो आणि स्वतः आतच राहतो. पोरगा तिथवर पोचायच्या आत भाऊंनी पुढचं चाळून बघितलं. शेवटची चार पानं फाडली आणि खिशात घातली.

"बोललो, छापताना राह्यली वाटतं. मना ठाव हाय पुढं काय होतं ते. बोगद्याला पलीकडं तोंड होतं, तिथून निंगाला चाहूल. पोरगा येवढा खूश, आईला सांगाला पळाला. ती पन हासली. आठ दिवसांनी ती गेली." हातातला फ्यूज ते उगाच फिरवत राहिले. "आज टीवीवर मारतील त्याला. मंग पोरगा काय बोलंल? का बाबा तवा पन खोटं बोलला. मंग आईचं बी बोललो होतो, बरी होऊन येल. ते पन धरंल मनात. पोराचा इस्वास गेला तर माज्याकडं काय ऱ्हातो वयनी?"

मी टॉर्च विझवला. पाच मिनिटांनी आम्ही दोघांनी मिळून फ्यूज लावला.

तेव्हापासून मी त्यांच्या कटात आहे. पाच पहारेकरी काही सुखाने बसू देईनात. रेडिओवर श्रुतिका आली. रेडिओ आधी तपासता येत नाही, म्हणून भाऊ बटणावर अंगठा ठेवून ऐकायचे. व्हायोलिन वाजलं की खट्‌कन बंद. "सेल गेले." संकेत बरीच वर्षं असं समजत होता की श्रुतिकेचा शेवट सेल जाऊनच होतो. बालनाट्य आलं तेव्हा भाऊ आदल्या दिवशी तालमीला जाऊन दिग्दर्शिकेला शेवट विचारून आले. कार्टून आलं त्यात चाहूलची खारूताई केली होती. भाऊंना अपमान वाटला, पण हायसंही वाटलं. "खारीला कोन मारील?" म्हणाले. मोबाईलवरच्या खेळात मात्र चाहूल दर दोन मिनिटांनी मरायचा. त्याला तीन जीव असतात हे मी भाऊंना समजावीपर्यंत त्यांनी आठवडाभर जेवण टाकलं होतं.

संकेत मोठा झाला, बोटीवर लागला. सहा-सहा महिने समुद्रावर. आता चौतीस वर्षांचा बाप्या आहे, दाढी राखतो. तरी भाऊंची भीती सहा वर्षांच्या पोराच्या बापाचीच राहिली.

आणि यंदा सिनेमा आला. मोठा. बसथांब्यांवर चित्रं, रिक्षांच्या पाठीवर चित्रं. चाहूलचं काम एका मोठ्या नटाने केलेलं, आणि जाहिरातीत बोगदा. भाऊ दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात. चेहरा पांढराफटक.

"वयनी, संकेत सुट्टीवर येतोय. त्यानं तिकिटं काढली, तुमचं पन. तुमी पयल्या दिवशी जाऊन बगून या. मरत असंल तर मी आजारी पडतो."

मी हो म्हटलं. दार लावलं आणि फोन वाजला. संकेतचा निरोप होता, कुठल्याशा बंदरातून.

"काकू, एक काम होतं. सिनेमा आधी बघून याल का? चाहूल मरत असेल तर बाबांना नेणार नाही. मी अकरा वर्षांचा असताना जुईनगरच्या मित्राकडे तो अंक पूर्ण वाचला होता. बाबांनी पानं का फाडली ते तेव्हा कळलं. आई तिकडे आजारी असताना त्यांनाच ते वाचणं सोसलं नसणार. अजून घाबरतात हो ते. मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका."

तेवीस वर्षं हा पोरगा बापासाठी अजाणता राहिला होता.

शुक्रवारी जाऊन आले. चाहूल मरतो. साधासुधा नाही, चांगली नऊ मिनिटं मरतो. मी बापाला सांगितलं, लेकालाही कळवलं. आता दोघेही जाणार नाहीत, विषय मिटला असं मला वाटलं. पण आपल्या घरांमधलं अगत्य मी हिशेबात धरलं नव्हतं.

संकेत घरी आला आणि म्हणाला, "बाबा, राहू दे सिनेमा, बोगस आहे म्हणतात." भाऊ म्हणाले, "हा, माजी पन कंबर दुकते." इथे थांबायचं की नाही? पण भाऊंना वाटलं, पोरगा माझ्या कंबरेपायी मन मारतोय. "नाय नाय, येवढी काय दुकत नाय. तुजी हौस हाय, जाऊ." संकेतला वाटलं, बाबांना मनातून बघायचाय. "तुम्हाला बघायचा असेल तर जाऊच." एकमेकांचं मन राखता राखता दोघं मला मध्ये घेऊन थेटरात जाऊन बसले. डावीकडे भाऊ, उजवीकडे संकेत. निघण्यापूर्वी भाऊ जिन्यात कुजबुजले, "बोगद्याच्या आधी मना कोपरानं ढोसा." गेटपाशी रिक्षा थांबवताना संकेत कुजबुजला, "काकू, बोगद्याच्या आधी मला खूण करा."

सिनेमा मजेचा होता म्हणे. मला काही दिसत नव्हतं. लोक हसले की मी दचकत होते. डावीकडे भाऊ पडद्याकडे न बघता पायाजवळच्या हिरव्या दिव्याकडे बघत होते, आणि उजवीकडे संकेत माझ्यावरून मान काढून बापाकडे बघत होता. एसीत बसून दोघांच्या कपाळावर घाम. इतकी वर्षं मी भाऊंच्या घाबरण्याला हसले, आणि त्या दिवशी त्या तीन खुर्च्यांमध्ये सगळ्यात जास्त घाबरलेली मी होते. माझी एक चूक, आणि दोघांपैकी एकाचं काहीतरी कायमचं मोडणार होतं.

बोगद्याचं तोंड दिसलं. मी दोन्ही कोपरं एकदम मारली.

"संकेत, पोटात कळ आली रं, चल माज्यासंगं!"

"बाबा, मला गरगरतंय, बाहेर चला!"

दोघं एकदम उठले, माझ्या गुडघ्यांशी एकमेकांवर आदळले, मागच्या रांगेतला माणूस ओरडला, आणि एकमेकांना धरून बापलेक बाहेर पडले. आपण दुसऱ्याला वाचवलं असं दोघांच्याही पाठीवर लिहिलेलं मला दिसत होतं. मी तिथेच बसले. चाहूल पुन्हा नऊ मिनिटं मेला. पहिल्या वेळी मी घड्याळ बघितलं होतं. या वेळी मला हुंदका आवरला नाही. शेजारच्या बाईने न विचारता रुमाल दिला.

बाहेर आले तर दोघं बाकावर बसलेले. मला बघून दोघं उभे राहिले. तोच चेहरा, तेच मोठे डोळे, एक दाढीचा आणि एक बिनदाढीचा.

"काय झालं शेवटी?" भाऊंनी विचारलं आणि संकेतच्या मागून मला डोळा मारला. संकेतने बापाच्या मागून हात जोडले.

"वाचला," मी म्हटलं.

"कसा काय?"

एवढी तयारी मी केली नव्हती. तेवढ्यात भाऊ घाईघाईने म्हणाले, "पलीकडच्या तोंडातून निंगाला असंल."

"हो ना," संकेत म्हणाला, "तिकडे वाट होतीच. आणि बाहेर नदी होती."

"नदी नाय, खाडी. भरती लागली होती."

"मग तो पोहत गेला."

"त्याला पोवाला कुटं येतं! होडी होती बांधलेली."

रिक्षात बसून घरी येईपर्यंत दोघं एकमेकांना दवाखान्यातली ती गोष्ट सांगत होते. एकही तपशील कुणी सोडत नव्हतं. मी रिक्षाबाहेर बघत होते, कारण माझ्या चेहऱ्याचा मला भरवसा नव्हता.

महिन्याभराने संकेत बोटीवर गेला. त्याला सोडून भाऊ परस्पर माझ्याकडे आले आणि चहा घेता घेता चाहूलच्या होडीचं पुन्हा सांगू लागले. मला राहवलं नाही. लेकाचं गुपित मी फोडणार नव्हते, पण म्हटलं, "भाऊ, बास झालं आता. चौतीस वर्षांचा आहे तो. चार पानांचं काय एवढं? खरं सांगून मोकळे व्हा."

भाऊंनी कप दोन्ही हातांत धरला.

"कसा सांगू वयनी," ते म्हणाले. "त्याची आई दवाखान्यात गेली ती गेलीच. आमच्या घरातून आत गेलेला आनी बाहेर आलेला तेवडा चाहूल एकच हाय."