भिंगरीचं नाक आणि पूर्ण मार्क

एका जंगलात रानडुकरांचं एक घराणं राहत होतं. आडनाव मुसंडे. हसू नका रे. तुमच्या वर्गाचा हजेरीपट वाचून दाखवला तर डुकरंसुद्धा लोळून हसतील.

ह्या मुसंड्यांची एक जुनी रीत होती. कुठलीही मोठी गोष्ट कान बुडेपर्यंत चिखलात पडल्याशिवाय ठरवायची नाही. लग्न असो, भांडण असो नाहीतर बारसं. कोरड्या अंगानं दिलेला शब्द ते धरतच नसत. त्यासाठी पळसाखाली त्यांचं एक डबकं होतं. अख्खं घराणं त्यात आडवं पडून विचार करी.

आता डबकं म्हटलं की उन्हाळ्यात आटायचंच. आणि डुकराला घाम येत नाही, बाळांनो. भर वैशाखात चिखल मिळाला नाही तर डुक्कर तापून मरतं. मग हे घराणं टिकलं कसं? भिंगरीमुळं टिकलं.

भिंगरी ही रंगोबा मुसंडे आणि येसाबाई यांची धाकटी लेक. एवढीशी. अंगावरचे पट्टेसुद्धा अजून गेले नव्हते. पण डबकं आटायला लागलं की ती नाक जमिनीला लावी, दोनदा फुसफुस करी आणि म्हणे, "इथं खणा." खणलं की हातभर खाली पाणी. एकदाही चुकली नाही. कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून कुणाला त्याचं कौतुकही नव्हतं.

कौतुक केलं ते शेजारच्या काटेकाकूंनी. काकू जातीच्या साळिंदर. दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

"अहो येसाबाई, तुमची पोरगी अतिहुशार आहे!"

"अगं बाई! म्हणजे काही काळजीचं आहे का?"

"काळजीचंच! अशा पिल्लांना टेकडीवरच्या अतिहुशार पिल्लू निकेतनात घालावं लागतं. आमचा टोकेश तिथंच आहे. आता तो कुणाला टोचत नाही. टोचण्यावर निबंध लिहितो."

झालं. येसाबाईची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी निकेतनाचे मुख्याध्यापक बगळे सर स्वतः आले. एका पायावर उभं राहून त्यांनी भिंगरीला बराच वेळ न्याहाळलं.

"पोरगी चमकदार आहे," ते म्हणाले. "फक्त नाक फार वापरते. ते थांबवावं लागेल. प्रवेश परीक्षा दहा दिवसांनी. काय ते लवकर ठरवा. जागा एकच उरली आहे."

जागा नेहमी एकच उरलेली असते, मुलांनो. तुमच्या आईबाबांना विचारा.

घराणं डबक्यात उतरलं. भिंगरीला काठावर बसवलं, कारण चर्चा तिच्याबद्दल होती.

"पाठवायचं नाही," थोरली आत्या म्हणाली. ही रंगोबाची मोठी बहीण. एक सुळा तुटका, जीभ मात्र शाबूत. "रंग्या, ही अभ्यासाला बसली तर वैशाखात पाणी कोण दाखवील? तुझा बगळा?"

"ताई, पाण्यापायी पोरीचं वाटोळं करू का?"

"आणि टोकेश बघा कसा मार्गी लागला!" येसाबाई म्हणाली.

असं एक दिवस चाललं. दोन दिवस चाललं. पाच दिवस चाललं. बाजूनं बोलणारे दमले की विरुद्ध बाजूला जाऊन बोलत.

सहाव्या दिवशी भिंगरी म्हणाली, "बाबा, एक सांगू?"

"गप बस. तुझ्याच भल्याचं चाललंय."

"पण डबकं आटतंय. त्या जांभळीखाली खणलं ना, तर—"

"नाक वर कर!" येसाबाई ओरडली. "परीक्षेपर्यंत नाकाला विश्रांती द्यायची असं सरांनी सांगितलंय ना!"

भिंगरीनं नाक वर केलं. बिचारी आभाळ हुंगत बसली.

नवव्या दिवशी चिखल इतका कमी झाला की एका वेळी दोन्ही कान बुडेनात. रीत तर पाळायलाच हवी. रंगोबानं आधी डावा कान बुडवला, मग कुशीवर वळून उजवा बुडवला आणि घाईघाईनं म्हणाला, "पाठवायचं!" तेवढ्यात चिखल वाळला. घराण्यातल्या निम्म्या मंडळींना उकरून काढावं लागलं.

परीक्षेत प्रश्न एकच होता. बगळे सर एका सपाट दगडावर उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

"पाणी कोठे सापडते?"

भिंगरीला हायसं वाटलं. हे तर तिला येत होतं! तिनं नाक खाली केलं आणि दोनदा फुसफुस केली.

"सर, तुम्ही उभे आहात त्या दगडाखाली."

"चूक. पाणी तळ्यात सापडते. शून्य."

"पण सर, खरंच आहे हो!"

"खरं असेल. उत्तरपत्रिकेत नाही."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर तिला कुणी चूक म्हटलं नव्हतं. मग तिला राग आला. राग आला की मुसंडे काय करतात ते सांगायला नको. तिनं मुसंडी मारली. दगड उडाला आणि खालून झरा उसळला. बगळे सर आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही पायांवर आले. पाणी टेकडीवरून खळाळत निघालं ते थेट पळसाखालच्या डबक्यात.

घराणं आनंदानं चिखलात कोसळलं. जीव वाचला! अंगाची लाही लाही थांबली. येसाबाई तेवढी गळ्यापर्यंत चिखलात बसून हमसाहमशी रडत होती.

"शून्य पडलं हो! काटेकाकूंना आता तोंड कसं दाखवू?"

"अगं भवाने," आत्या म्हणाली, "ज्या चिखलात बसून रडतेस, तो कुणी आणला?"

"ते राहू द्या वन्सं. मार्क बघा ना मार्क!"

चिखल भरपूर होता, त्यामुळं पुढचं दहा मिनिटांत ठरलं. भिंगरीला वर्षभर शिकवणी लावायची. बगळे सर मोठ्या मनाचे. त्यांनीच शिकवणी घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी भिंगरीच्या दोन्ही नाकपुड्यांत शेवाळाचे बोळे बसवले. टेकडीवरचा झराही त्यांनी बुजवून टाकला, कारण तो अभ्यासक्रमात नव्हता.

पुढच्या वर्षी भिंगरी जंगलात पहिली आली.

अहाहा, काय तो सोहळा! वडाच्या बुंध्यावर तिचं नाव कोरलं. काटेकाकूंनी पेढे खाल्ले आणि पोटात दुखतंय म्हणून लवकर घरी गेल्या. रंगोबा तर जो भेटेल त्याला थांबवून सांगत सुटला, "माझी लेक बरं का!"

आणि मग वैशाख आला.

डबकं आटलं. चिखलाच्या खपल्या झाल्या. तळं आटलं, म्हणून बगळे सरही तिथंच येऊन उभे राहिले. आत्या पळसाच्या मुळाशी निपचित पडली होती. तिचा श्वास लागला होता.

"भिंगरे," ती कशीबशी म्हणाली, "पाणी कुठं आहे गं, बाळा?"

सगळं घराणं भिंगरीकडं बघायला लागलं. ती जांभळीखाली उभी होती. बोळ्यांच्या आड तिचं नाक क्षणभर थरथरलं.

"वळवळ थांबव," येसाबाई कुजबुजली. "नीट आठवून सांग."

भिंगरी ताठ उभी राहिली. नाक वर केलं. स्पष्ट आवाजात म्हणाली,

"पाणी तळ्यात सापडते."

"शाब्बास!" बगळे सर म्हणाले. "पूर्ण मार्क!"

ज्यांना उठता येत होतं त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. आत्या तेवढी उठली नाही.

तात्पर्य: मुलांनो, जमिनीखालचं पाणी कुठल्याही डुकराच्या पोरीला सापडतं. पूर्ण मार्कांचं पाणी मात्र तळ्यातच असतं, मग तळ्यात ते असो वा नसो. तेव्हा नाक वर ठेवा, अभ्यास करा, आणि उद्या गोष्टीला येताना पाण्याची बाटली घरून भरून आणा.