आप्पांचा फोन वॉरंटीत आहे

आप्पांना फोनवर काहीही विचारा, उत्तर दोन तासांनी येतं.

"आप्पा, टाकी भरली असेल, तेवढी मोटर बंद करता का?" असं मी कॉलेजातून फोन करून विचारावं. ते म्हणणार, "व्हय व्हय. बरं. ठेवा." आणि दोन तासांनी त्यांचा उलटा फोन: "सर, टाकी भरली हाय. मोटर बंद करतो." तोवर पाणी जिना उतरून फाटकाबाहेर गेलेलं असायचं.

कराडशेजारच्या मलकापुरात आमचे दरवाजे समोरासमोर आहेत. आप्पा तोफखान्यातले निवृत्त हवालदार. बायको वारलेली, एकुलती मुलगी सुनंदा कडेगावात दिलेली. मी कराडला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, आणि हे आप्पांना कळलं त्या दिवसापासून मला सुट्टी नाही.

त्यांचं मोठं वेड म्हणजे वॉरंटी. पलटणीतून आणलेल्या लोखंडी ट्रंकेत घरातल्या प्रत्येक वस्तूचं वॉरंटी कार्ड बिलासकट आहे. मिक्सर नवा होता तेव्हा दोन वर्षं चटणी पाट्यावर वाटली. "अहो, बिघडला तर कंपनी दुरुस्त करून देईल, त्यासाठीच असते वॉरंटी," मी म्हणालो.

"वॉरंटी वापरायची नसती सर, जपायची असती," आप्पा म्हणाले. शेजारी बसून पार माझ्या तोंडात बघत. ही त्यांची आणखी एक सवय. बोलताना वीतभर अंतरावर येऊन तोंडाकडे टक लावतात. माझ्या बायकोला वाटायचं, दातात काही अडकलंय.

अशा माणसानं एका सकाळी माझं दार वाजवलं आणि विचारलं, "सर, फोन रूट मारू का नको?"

फोन रूट करणं म्हणजे कंपनीनं आत घातलेली कुलपं काढून फोनचा सगळा ताबा स्वतःकडे घेणं. वॉरंटी जाण्याची भीती असते. बँकेची ॲप बंद पडू शकतात. काही चुकलं तर फोन कायमचा मरतो. मी हे सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "वॉरंटी किती जाती? समदी का थोडी?"

चार महिने हे चाललं. मी दाढी करत असेन, जेवत असेन, एकदा तर सासऱ्यांच्या तेराव्याला निघालो होतो. "जाऊन या सर. पण जाताजाता सांगा, रूट मारला आणि परत काढला, तर कंपनीला कळतंय का?"

"आप्पा, पण करायचंय कशाला?"

"ती बाई गप करायची हाय."

आप्पा प्रत्येक फोन रेकॉर्ड करायचे. जुना फोन हे काम गुपचूप करत असे. तो विहिरीत पडला. नवा फोन रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी समोरच्याला बाईच्या आवाजात ऐकवतो, 'हा कॉल आता रेकॉर्ड केला जात आहे.' ही बाई आप्पांच्या वैऱ्यासारखी मागे लागली होती. गॅसवाल्यानं फोन आपटला. सुनंदाच्या सासूनं तर सुनावलं, "आवं पाव्हणं, आमच्या इरुद्ध पुरावा गोळा करताय व्हय? लेक दिलीया का कोर्टात केस घातलीया?" तेव्हापासून सुनंदाचा रोजचा फोन आठवड्यावर गेला होता, तोही घाईचा.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सुनंदाच्या सासूला जे वाटलं, तेच मलाही वाटलं होतं. म्हातारा सगळ्यांचं बोलणं साठवून ठेवतो, वेळ आली की वापरणार. आणि हे मी मनात ठेवलं नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर चारजणांत हसत हसत बोललो, "आप्पांशी जपून बोला रं, टेप चालू असते." लोक हसले. पुढं हळूहळू आप्पांना फोन यायचे बंद झाले. चालताना दिसले की लोक लांबूनच हात करून पुढे जात. मीही फोनवर 'मीटिंगमध्ये आहे' एवढंच सांगू लागलो.

शेवटी वैतागून मीच म्हणालो, चला, सांगलीला एकजण हे काम करतो, एकदाचं करून टाकू. एसटीत कराडपासून सांगलीपर्यंत आप्पांनी अकरा वेळा बेत बदलला. वॉरंटी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बनियनच्या आत.

दुकान हळदीच्या पेठेजवळ होतं. वाऱ्यावर हळदीची धूळ, म्हणून दुकानदारानं तोंडाला फडकं बांधलेलं. तो म्हणाला, "काका, रूट करायच्या आधी फोन पूर्ण पुसला जाणार. आतलं सगळं उडेल. चालेल न्हवं?"

"व्हय व्हय. बरं," आप्पा म्हणाले.

"फोटो, रेकॉर्डिंग, समदं जाईल हां."

"व्हय. बरं."

मी आप्पांकडे बघितलं. ते त्या फडक्याकडे टक लावून बघत होते. तोंड दिसत नव्हतं. आप्पा चाचपडत होते. खिशात हात घालून त्यांनी दुसराच, साध्या बटणांचा फोन काढला, त्याचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि काउंटरवर ठेवला. "जरा परत सांगा," म्हणाले. "घरी जाऊन इच्यार करतो."

मोटर, टाकी, दोन तास. सगळं माझ्या डोक्यात एकदम जुळलं.

मी काउंटरवरचे दोन्ही फोन उचलले, त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि तोंड त्यांच्या समोर धरून सावकाश सांगितलं, की सगळी रेकॉर्डिंग पुसली जातील.

"सुनंदीची पण?"

"सुनंदाची पण."

आप्पांनी नवा फोन माझ्या हातातून घेऊन पिशवीत घातला. "ऱ्हाऊ द्या मग. वॉरंटीत हाय."

भडंगाचा पुडा घेऊन आम्ही कृष्णाकाठी बसलो. मी विचारलं, किती दिवस ऐकू येत नाही? तोफांनी कान कधीच नेले होते. समोर बसलेल्या माणसाचं तोंड बघून भागतं, फोनवर नुसता गलका येतो. मग रेकॉर्डिंग कानात इअरफोनच्या नळ्या घालून, आवाज मोठा करून, तीन-चार वेळा ऐकायचं, आणि मग उत्तर द्यायचं.

"अहो, मग सांगायचं ना कुणाला तरी! मशीन मिळतं कानाचं. निदान सुनंदाला तरी."

आप्पा बराच वेळ भडंगातले शेंगदाणे वेगळे करत राहिले.

"भैऱ्याशी लोक वरडून बोलत्यात सर. माझा बा भैरा हुता, मी बी वरडायचो त्याच्यावर. वरडून मायेचं बोलता येत न्हाई, रागाचंच वाटतं. पोरगी लय हळू बोलती हो माझी, आईसारखी. तिनं माझ्यावर वरडायला नको, एवढंच."

चहाच्या गाड्यावरचं मी त्यांना तिथंच सांगितलं. सावकाश, समोर तोंड धरून. ते सगळं त्यांना एका खेपेत ऐकू आलं. "असू द्या," म्हणाले, आणि पुडा माझ्याकडे सरकवला.

सुनंदाला सांगू नका, असं त्यांनी बजावलं होतं. मी सांगितलं. एक चुगली केलीच होती, ही दुसरी. तिनं एवढंच विचारलं, रेकॉर्डिंग ऐकायला आप्पांना किती वेळ लागतो. आता ती पुन्हा रोज फोन करते. हळूच बोलते, घाई न करता, आणि उत्तरासाठी दोन तास थांबते.

मीही करतो, समोर राहत असूनसुद्धा. घरात बायको हसते. पलीकडे ती बाई सांगते की हा कॉल आता रेकॉर्ड केला जात आहे. तिचं संपेपर्यंत मी थांबतो. मग मला रोज तीच अडचण येते. हा माणूस माझं बोलणं आज संध्याकाळी कानात नळ्या घालून तीन वेळा ऐकणार आहे. इतक्या वर्षांत तीन वेळा ऐकावं असं मी कुणाशीच काही बोललेलो नाही.