सव्वादहाची दाढ

एकतीस वर्षं मी दक्षता विभागात काढली. माणूस खोटं बोलायला लागला की आधी त्याच्या पायाचा अंगठा हलतो, हे मला समोरच्यानं बूट घातले असले तरी कळतं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर "तुझ्या दवाखान्याचा कारभार पंधरा दिवसांत सरळ करून दाखवतो" असं मी बायकोला म्हणालो, तेव्हा ती बढाई नव्हती. निदान मला तरी ती तशी वाटली नव्हती.

बायको दातांची डॉक्टर. दवाखाना दोन खोल्यांचा. आत ती मागे कलंडणारी खुर्ची, बाहेर दोन बाकं, आणि बाकांसमोरच्या टेबलाशी ताई. ताई त्या टेबलाशी एकोणीस वर्षं बसत होत्या. कोणाला किती वाजता बोलवायचं ते एका जाड वहीत पेन्सिलीनं लिहायच्या, रबरानं खोडायच्या, परत लिहायच्या.

"पेन्सिल?" मी बायकोला म्हणालो. "अगं, पेन्सिलीची नोंद म्हणजे पुरावाच नव्हे."

"पुरावा कशाला हवाय? लोक दात दुखतो म्हणून येतात."

मी ऐकणाऱ्यातला नव्हतो. नवा लॅपटॉप आणला. त्यात वेळापत्रकाचा प्रोग्राम टाकून घेतला. दर पेशंटमागे एक रंगीत चौकोन. सव्वादहाचा चौकोन बाणानं पकडून ओढला की साडेअकराला जाऊन बसतो. टचपॅडवर बोट ओढावं लागतं तेसुद्धा मला सुस्त वाटलं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मी त्याची चपळाई शेवटच्या टोकापर्यंत वाढवली. वही कपाटात, कपाटाला कुलूप. ताईंची बदली मी आतल्या खोलीत बायकोच्या हाताशी केली आणि इस्त्रीचा शर्ट, निरोप समारंभात मिळालेलं स्टीलचं घड्याळ अशा थाटात टेबलाशी बसलो.

तिसऱ्या दिवशी सव्वादहाला एक बस ड्रायव्हर आले. गालात लिंबू ठेवल्यासारखी सूज.

मी पडद्यावर पाहिलं. "तुमची वेळ पावणेपाचची आहे."

"सव्वादहाची. तुम्हीच फोनवर सांगितलीत. रजा टाकून आलोय."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

ते काहीतरी बोलले. सुजेमुळे मला ते कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

पुढच्या दोन दिवसांत प्रकार वाढला. दुपारी बारा वाजता पाच पेशंट एकदम हजर झाले आणि एकाच खुर्चीकडे बघत उभे राहिले. एका शाळेच्या मुख्याध्यापिका रविवारी बंद शटरसमोर अर्धा तास थांबल्या आणि सोमवारी फोन करून त्यांनी मला वर्गाबाहेर उभं करावं तसं झापलं. एका आजोबांची कवळी बसवायची तारीख पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात गेली होती.

"टचपॅड फार नाजूक आहे ते," बायको म्हणाली. "परवा माझी नुसती बोटं जवळ गेली तर बाण पळाला. दुरुस्तीवालीला दाखवा."

मी नुसता हसलो. यंत्र आपण होऊन गुन्हा करत नाही, हे तिला कोण सांगणार? तरी चौकशी निःपक्ष हवी. लॅपटॉप घरी नेला. हात-पाय धुतले, घड्याळ-पाकीट खुंटीखालच्या फळीवर ठेवलं आणि जेवणाच्या टेबलाशी बसून दोन तास खोटे पेशंट भरले. एकशेचार चौकोन. एकही जागचा हलला नाही.

निष्कर्ष उघड होता. लॅपटॉप घरी साधुसंतासारखा वागतो, म्हणजे दवाखान्यात कोणीतरी त्याला हात लावतं. आणि ज्या माणसाचं टेबल गेलं, वही गेली, त्या माणसाशिवाय हे करायला कारण कोणाला होतं?

मी ताईंवर नजर ठेवली. दिवसातून अकरा वेळा त्या माझ्या टेबलावरून जायच्या. त्यातल्या चार वेळा पडद्याकडे बघायच्या. एकदा तर हसल्या. मी पासवर्ड घातला. तरी चौकोन हलले. म्हणजे बाईंना पासवर्डही माहीत होता! मग मी कवळीच्या साच्याची पांढरी भुकटी चिमूटभर घेऊन जेवणाच्या सुटीत टचपॅडवर फुंकली. संध्याकाळी भिंगाखाली पाहिलं तर त्यावर ठसे फक्त माझे. आता दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. मला मात्र कोडं सुटलं. ज्याअर्थी ठसे नाहीत, त्याअर्थी गुन्हेगार हातमोजे घालतो. आणि दिवसभर हातमोजे घालून कोण वावरत होतं?

दुसऱ्या दिवशी मी ताईंना एक्स-रेच्या खोलीत बोलावलं.

"ताई, तुम्ही माझ्या लॅपटॉपला हात लावता?"

"नाही साहेब."

मी त्यांच्या चपलेकडे पाहिलं. अंगठा जराही हलला नव्हता. इतका स्थिर अंगठा मी फक्त सराईत लोकांचा पाहिला होता.

"नीट विचार करून सांगा. कबूल केलंत तर गोष्ट इथंच मिटेल."

ताईंनी हातमोजे काढले, ॲप्रन काढला, त्याची चौकोनी घडी घातली.

"एकोणीस वर्षांत मी कोणाची वेळ चुकवली नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बाळंतपणात होत्या तेव्हासुद्धा शंभर माणसांना फोन करून मी एकेकाची वेळ पुढं ढकलली होती. आणि आता मी हे करीन?"

घडी खुर्चीवर ठेवून त्या निघून गेल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आतून बायको आली. तोंडावर मास्क, वर फक्त डोळे. पण तेवढे पुरे होते.

"आत एका माणसाचा जबडा उघडा आहे आणि माझ्या हाताशी कोणी नाही. तुम्ही काय केलंत?"

"चौकशी."

त्या दिवशी बायको माझ्याशी एवढंच बोलली.

सकाळी ताई नव्हत्या. मी निश्चिंतपणे टेबलाशी बसलो, चार फोन घेतले, चार वेळा दिल्या. आणि साडेदहाला पाहतो तर ड्रायव्हरांची दाढ, जी आम्ही कशीबशी अकरावर आणली होती, ती परत शुक्रवारी जाऊन बसली होती. ड्रायव्हर समोरच्या बाकावर बसले होते. त्यांची ही तिसरी खेप.

ताई नाहीत, मग राहिलं कोण? दवाखान्यात हातमोजे घालणारं आणखी एकच माणूस होतं, आणि त्या माणसाशी माझं लग्न झालेलं होतं. मला लॅपटॉपपासून दूर करावं असं तिच्या मनात असणं अशक्य नव्हतं. ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा मी तिला नीट निरखलं.

"माझ्या पायांकडे काय बघताय?" बायको म्हणाली, आणि तिथंच उभं राहून तिनं दुरुस्तीवालीला फोन लावला.

दुरुस्तीवाली म्हणजे पंचविशीतली एक शांत मुलगी. तिनं लॅपटॉप तपासला, दहा चौकोन भरले. सगळे जागच्या जागी.

"मशीन ठीक आहे काका."

"मग मी म्हणतोय ते खरंच आहे. कोणीतरी हे मुद्दाम..."

"तुम्ही एक वेळ भरून दाखवता?"

मी भरायला लागलो. ती पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.

"काका, घड्याळ काढा."

"का?"

"पट्टा सैल आहे. तुम्ही टाइप करायला लागलात की तो घसरून टचपॅडवर पडतो. पॅड इतकं नाजूक करून ठेवलंय की त्याला ते बोटच वाटतं. तुम्ही हात हलवला की ते चौकोन धरून ओढतं." तिनं पडद्याकडे बोट केलं. माझ्यादेखत आजोबांची कवळी ऑगस्टातून सप्टेंबरात गेली. "घरी घड्याळ घालून बसता?"

"नाही," मी म्हणालो. माझ्या बुटात काहीतरी हललं.

दोन्ही बाकांवरचे सात जण ऐकत होते. एरवी दवाखान्यात कण्हण्याचा थोडा तरी आवाज असतो. तेव्हा तोही नव्हता.

दोन मिनिटांत तिनं पॅडची चपळाई कमी केली आणि गेली. माझं मात्र काम राहिलं होतं. "मी ताईंच्या घरी जाऊन येतो," मी बायकोला म्हणालो.

"मी कालच जाऊन आले. उद्यापासून त्या टेबलाशी बसतील. वही आणि लॅपटॉप, दोन्ही घेऊन. बोलायचं असेल तर इथंच बोला."

रात्रभर मी माफी मनात जुळवली. पहिलं वाक्य "सदर प्रकरणी असे निदर्शनास आले की" असं निघालं. ते टाकून दिलं. सकाळी टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. ताईंनी मान वर केली.

"ताई, जरा बोलायचं होतं."

"सकाळ सगळी भरलीय साहेब." आवाज नेहमीचाच, टेबलावरचा. "सव्वाचार चालेल?"

"चालेल."

"कशासाठी लिहू?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "माफी," हळूच म्हणालो.

त्यांनी ते वहीत पेन्सिलीनं लिहिलं.

सव्वाचारला मी बाकावर जाऊन बसलो. साडेचार झाले. एक रडणारी मुलगी मधेच आत गेली, तेही बरोबरच होतं. शेजारी ड्रायव्हर येऊन टेकले. दाढ निघाली होती, जखम दाखवायला आले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"साहेब, आज तुम्ही इकडच्या बाजूला? कोणता दात?"

"अक्कलदाढ," मी म्हणालो.

"या वयात?"

"हो. आत्ता कुठं येतेय."