चार कोपरे, चार पॅडं

तव्यावर ओतलेलं पॅनकेकचं पीठ नेहमीप्रमाणे एका बाजूला वाहत गेलं आणि आर्लीन हुकस्ट्राने उलथणं ओट्यावर आपटलं.

"डेल्बर्ट, इकडे ये आणि हे बघ."

डेल्बर्टने बघितलं. पॅनकेक एका कडेला उशीएवढा फुगला होता आणि दुसऱ्या कडेला पातळ होऊन करपत होता. मोटरहोमांच्या या पार्कात मुक्कामाला आल्यापासून करपलेली कड रोज त्याच्याच ताटात येत होती, त्यामुळे त्याला त्यात नवीन असं काही दिसलं नाही.

"थोडासा उतार आहे," तो म्हणाला.

"थोडासा? रात्रभर माझं डोकं खाली आणि पाय वर! सकाळी उठले की सगळं रक्त तोंडात गोळा झालेलं असतं. काल ती शेजारची फे मला विचारत होती, ऊन लागलं का म्हणून. ऐक, मी मार्सीला फोन केलाय. तिच्या तळघरातली खोली रिकामीच आहे. शनिवारी रात्री मला सपाट झोपायला मिळालं तर ठीक. नाहीतर रविवारी मी विमानात बसणार आणि मिशिगनला लेकीकडे जाणार. तू बस इथे कलंडत."

आर्लीन पोकळ धमक्या देणारी बाई नव्हती. डेल्बर्टने जन्मभर मिशिगनमधल्या दूध डेअऱ्या तपासल्या होत्या आणि गोठ्यागोठ्यातून फिरताना एकच स्वप्न पाहिलं होतं. निवृत्त झालो की घर विकायचं, बसएवढं लांबलचक मोटरहोम घ्यायचं आणि दोघांनी भटकायचं. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात काढायचा, वसंतात पॅसिफिकच्या किनाऱ्याने वर वर ओरेगनपर्यंत जायचं. आर्लीन तयार झाली होती, पण एका अटीवर. कुठेही ने, झोपायला मात्र सपाट पाहिजे. तिच्याशिवाय समुद्र बघायचा ही कल्पनाच डेल्बर्टला सहन होत नव्हती. 'केवढा मोठा आहे ना' हे तो म्हणणार कुणाला?

तसं पाहिलं तर मोटरहोमला चार कोपऱ्यांत चार जॅक होते. बटण दाबलं की ते खाली उतरायचे, जमिनीला टेकायचे आणि गाडी आपोआप पातळीत आणायचे. पण त्यांच्या वाट्याला आलेली जागा पुढच्या बाजूला उतरती आणि भुसभुशीत वाळूची. जॅकचे पाय ताटलीएवढे आणि वर सगळ्या संसाराचं ओझं. संध्याकाळी सरळ उभी असलेली गाडी मध्यरात्रीपर्यंत नाक खाली घालायची. यावर उपाय एकच, जॅकखाली भक्कम पॅड ठेवायचं. म्हटलं तर साधी गोष्ट.

डेल्बर्टने साधी गोष्ट कधी साधेपणाने केली नव्हती. त्याने इंटरनेटवर पॅडांविषयी लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एकाने लिहिलं होतं, या पॅडांनी माझा संसार वाचवला. त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, याच पॅडांमुळे माझी बायको सोडून गेली. डेल्बर्टने दोघांचंही म्हणणं सवयीप्रमाणे तपासून, तोलून, शेवटी एकात एक अडकणारी पिवळी प्लॅस्टिकची पॅडं निवडली आणि गावातल्या दुकानातून खोकंभर आणली.

शनिवारी सकाळी पुढच्या डाव्या कोपऱ्याशी त्याने ती रचायला सुरुवात केली. पॅडं निघाली पातळ. जॅकचा पाय पोचेल एवढी उंची व्हायला तो एकावर एक, एकावर एक ठेवत गेला, आणि एकाच कोपऱ्यात खोकं रिकामं झालं. दुकानात फोन केला.

"अजून तीन खोकी हवीत."

"सोमवारी माल येईल, साहेब."

"सोमवारी माझी बायको मिशिगनला असेल."

"मग घाई काय आहे?" दुकानदार म्हणाला.

फोन ठेवून डेल्बर्टने आजूबाजूला पाहिलं आणि पार्कात नव्याने आलेला माणूसच करेल अशी चूक केली. त्या पार्कात एक अलिखित नियम होता. कुणी गाडी लावायला लागलं की शेजाऱ्यांनी घडीच्या खुर्च्या बाहेर काढायच्या, हातात काहीतरी गार घ्यायचं आणि समोर बसून बघायचं. बघताना तोंडातून एक शब्द काढायचा नाही. फुकटचा सल्ला देणाऱ्याला तिथे फार वाईट समजत. पण गाडीवाल्याने स्वतः तोंड उघडून विचारलं, तर मग त्याची सुटका नाही. मुरलेले लोक म्हणूनच काही झालं तरी विचारत नसत. गाडी खड्ड्यात गेली तरी 'मला असंच पाहिजे होतं' असा चेहरा करून उभे राहत.

डेल्बर्टने विचारलं. समोर बसलेल्या तिघांकडे वळून तो म्हणाला, "काय हो, जॅकखाली कुठलं पॅड चांगलं?"

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही. मग तिघंही एकदमच उठले.

"लाकूड!" ऑर्विल ओरडला. तो टेनेसीचा सुतार. वय झालं होतं, पण आवाज अजून करवतीचा होता. "जाडजूड पाइनच्या फळ्या. लाकूड दबतं, पण दगा देत नाही."

"लाकूड कुजतं," रॉयस म्हणाला. त्याने आयुष्यभर ट्रक चालवला होता आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याचं एकच औषध होतं. "रबर घे. जुन्या टायरचं. हत्ती उभा कर त्याच्यावर."

"उन्हात वितळतं ते. मागच्या वर्षी तुझ्या गाडीखाली काय सांडलं होतं, काकवी?" फे म्हणाली. फे शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकीण होती आणि अजूनही माणसांना रांगेत उभं केल्यासारखी बोलायची. "फरशी घाल, डेल्बर्ट. अंगणातली सिमेंटची फरशी. ना कुजत, ना वितळत."

"फुटते पण!" दोघंही एका सुरात म्हणाले.

"माझी फुटली कधी? दाखव, फुटली कधी?"

"अरे, त्यापेक्षा त्याचं ते पिवळं खेळणं बरं," ऑर्विल म्हणाला.

"खेळणं?" डेल्बर्ट दुखावला. "मी सगळे अभिप्राय वाचून घेतलंय ते."

"लिहिणाऱ्यांचं वय काय होतं?"

वाद दुपारपर्यंत चालला. मधे फेने सगळ्यांना मक्याचा ब्रेड आणून वाढला आणि खाता खाता पुन्हा भांडली. शेवटी निकाल लावायचा रस्ता रॉयसला सुचला. एक कोपरा डेल्बर्टच्या प्लॅस्टिकचा आहेच, उरलेले तीन तिघांनी वाटून घ्यायचे. बटण दाबायचं. ज्याचा कोपरा आधी खचेल तो हरला. डेल्बर्टला ही कल्पना मुळीच पसंत नव्हती, पण त्याच्याकडे तीन कोपरे रिकामे होते आणि सूर्य कलायला लागला होता.

ऑर्विलने स्वतःच्या गाडीखालच्या फळ्या उपसून आणल्या. रॉयसने आपली रबरं ओढत आणली. फेने फरश्या आणल्या, आणि दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही. तिघांच्याही गाड्या मागे त्यांच्या पाठीशी हळूहळू कलंडल्या, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड होती?

"आर्लीन!" डेल्बर्टने हाक मारली. "बटण दाबतोय. आत काही हलतंय का बघ!"

"ओव्हनमध्ये पीच कॉबलर आहे!" आतून उत्तर आलं. "ते हललं तर रविवारपर्यंत थांबायची नाही मी!"

डेल्बर्टने रिमोटचं बटण दाबलं.

जॅक घरघरत खाली आले आणि गाडी उचलली गेली. ऑर्विलच्या फळ्या करकरल्या आणि बोटभर दबल्या. यंत्राच्या लक्षात आलं की हा कोपरा खाली गेला. त्याने तो वर उचलला. त्यासरशी भार रॉयसच्या रबरावर गेला आणि रबर बसलं. यंत्राने तो कोपरा उचलला. मग फेच्या फरशीखालची वाळू सरकली, तो कोपरा उचलला. मग प्लॅस्टिक कुरकुरलं. यंत्र बिचारं प्रामाणिक होतं, कुणालाही कमी पडू देत नव्हतं. प्रत्येक फेरीत गाडी थोडी थोडी वर चालली.

"बघ, बघ, लाकूड कसं धरून राहिलंय!"

"तुझं दबलं म्हणून तर माझ्यावर भार आला!"

"फरशीकडे बघा! हूं की चूं नाही!"

"थांबव ना ते!" डेल्बर्ट बटणं दाबत ओरडत होता, पण सुरू झालेलं काम पुरं केल्याशिवाय यंत्र थांबणार नव्हतं. पुढची चाकं जमिनीवरून सुटली आणि हवेत लोंबायला लागली. सगळे जण एक एक पाऊल मागे सरले. जॅक आपल्या पूर्ण उंचीला पोचले, शेवटचा एक आचका बसला आणि घरघर थांबली. रिमोटवर हिरवा दिवा लागला.

दार उघडलं. एरवी त्या दारातून उतरायला दोन पायऱ्या पुरत. आता शेवटची पायरी ऑर्विलच्या छातीशी आली होती. आर्लीन हातात पीचच्या त्या गोड कॉबलरचं भांडं घेऊन उंच दारात उभी राहिली आणि तिने खाली पाहिलं.

"डेल्बर्ट," ती शांतपणे म्हणाली, "जमीन कुठे गेली?"

"मी आत्ता खाली घेतो! आर्लीन, तू हलू नकोस, मी आत्ता..."

"हात लावू नकोस त्याला."

ती आत गेली. खाली चौघं माना वर करून वाट बघत राहिले. आतून तवा ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आर्लीन परत आली आणि तिने ताटली पुढे धरली. ताटलीत एक पॅनकेक होता, गोल, कडेपासून कडेपर्यंत सारखा, सगळीकडून सोनेरी. डेल्बर्टचे डोळे भरून आले, आणि ते काही धूळ गेल्यामुळे नाही.

त्या रात्री आर्लीन अशी झोपली की पहाटे डेल्बर्टने दोनदा वाकून तिचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. रविवारचं विमान तिच्याविनाच उडालं. सकाळी तिने मार्सीला फोन केला, "अगं, ती खोली भाड्याने दे कुणाला." मग तिने रिमोट एप्रनच्या खिशात टाकला आणि खिशाला सेफ्टी पिन लावली.

ऑर्विलने तिला एक पक्का लाकडी जिना बांधून दिला. जिन्याला कठडा आला. कठड्यावर कुंड्या आल्या. फे संध्याकाळी वर गप्पा मारायला यायला लागली, कारण तिच्या स्वतःच्या गाडीत बसलं की चहा बशीत सांडायचा. रॉयसचा फ्रिज कलल्यामुळे बंद पडला होता आणि त्याचं दूध आर्लीनच्या फ्रिजमध्ये राहायला आलं होतं. तिघंही वाकडे झोपत होते, वाकडे जेवत होते, पण पॅड परत मागायची कुणाची तयारी नव्हती. मागणं म्हणजे आपला कोपरा आधी सोडणं, म्हणजे हरणं.

एप्रिल आला. ऊन चटकायला लागलं आणि पार्क रिकामं व्हायला लागलं. डेल्बर्टने नकाशा पसरला.

"आर्लीन, निघूया ना आता. समुद्र बघायचाय."

"तिथे जमीन सपाट आहे?"

डेल्बर्टने जन्मभर खोटा शेरा मारला नव्हता. "किनारा आहे," तो म्हणाला. "थोडा उतार असणारच."

"मग समुद्राला म्हणावं, आम्ही इथे बरे आहोत." आर्लीनने नकाशाची घडी घालून त्याच्या हातात दिली, प्रेमाने गालावर चापटी मारली आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली.

डेल्बर्टला रडू यायचं बाकी होतं. भटकायला घेतलेलं घर त्याने स्वतःच्या हातांनी इतकं नीट बसवलं होतं की ते आता हलायलाच तयार नव्हतं. आणि बायको खूश होती, एवढी खूश की तिच्यावर रागावताही येत नव्हतं. त्या दुपारी त्याच्या मनात एक विचार आला. एक कोपरा, फक्त एकच कोपरा जरी बोटभर खचला, तरी आर्लीन आपणहून म्हणेल, चल बाबा, दुसरी जागा बघू.

ती वामकुक्षीला आडवी झाल्यावर तो जिना उतरून खाली आला. तिघं सावलीत बसले होते. डेल्बर्टने एकदा वर खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मला एक सांगा. अगदी खरं सांगा. या चार पॅडांतलं सगळ्यात आधी खचेल असं कोणतं?"

पार्काच्या इतिहासात जे कधी झालं नव्हतं ते झालं. ऑर्विल, रॉयस आणि फे, तिघांचं एकमत झालं.

"तुझं," तिघंही म्हणाले.

"आठवड्याभरात," ऑर्विल म्हणाला.

"आठवडा कशाला? परवा," फे म्हणाली. "प्लॅस्टिक ते. आत्ताच कडेला पांढरं पडलंय."

डेल्बर्टला हेच तर ऐकायचं होतं. परवा! परवा खचलं तर पुढच्या शनिवारी समुद्र. त्याने 'बरं झालं' म्हणायला तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"पांढरं नाही पडलं, धूळ आहे ती," तो म्हणाला. "सगळे अभिप्राय वाचून घेतलंय मी ते पॅड."

"परवा," रॉयस म्हणाला.

"परवा? पुढचा हिवाळा येऊ दे, तोवर केसभर हललं तर नाव बदलीन!" डेल्बर्टचा आवाज चढला. त्याने एक खुर्ची ओढली, आपल्या कोपऱ्यासमोर मांडली आणि त्यात ठाण मांडून बसला. "मी इथेच आहे. बसा तुम्हीही. बघूच कुणाचं आधी खचतं ते."