लाल ठिपक्याची वरात

“लग्न बाराला म्हणजे बाराला! आपल्यात मुहूर्त नसतो, मग घड्याळ तरी पाळायचं का न्हाई?”

श्रीरामपूरचे ट्रकमालक रंभाजी पगारे महिनाभर ज्याला त्याला हेच ऐकवत होते. लेक जयमालाचं लग्न, नवरदेव सोनईचा सम्राट, आणि वऱ्हाड आणायला खुद्द रंभाजींचा ट्रक. वेळेवर आलेलं वऱ्हाड आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पण हे एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं, आणि रंभाजींनी ट्रकमध्ये पुण्याहून आणलेला एक डबा बसवला होता. आकाशातल्या उपग्रहांवरून डबा आपली जागा ओळखणार, मोबाईलच्या टॉवरवरून ऑफिसला कळवणार, आणि कॉम्प्युटरच्या नकाशावर लाल ठिपका उमटणार!

“वऱ्हाड कुठं बसलं, कुठं उठलं, समदं दिसंल!”

“अवो, त्यांचं उठनं-बसनं कशाला बघायचं?” बायको कलाबाई म्हणाल्या. “येळंवर आलं म्हंजी झालं.”

वेळेची खरी घाई होती बौद्धाचार्य भीमराज यांना. दुपारी त्यांना पुणतांब्यात दुसरं लग्न लावायचं होतं. “साडेबाराला मी उठणार,” त्यांनी बजावलं होतं. “मग नवरदेव येवो की न येवो!”

पहाटेच ट्रक सोनईला निघाला. अकराच्या सुमारास रंभाजी मंडपामागच्या ऑफिसात डोकावले. ठिपका गावाबाहेरच्या ओढ्याच्या पुलावर!

“आलं! वऱ्हाड आलं!”

“सोनईला जाऊन आलं बी?” कलाबाईंना पटेना.

“अगं, टावरची रेंज पुलापत्तोरच हाय. पल्याड ठिपका दिसंल कसा? परत रेंजमधी आला म्हनून तर दिसला!”

एवढं शास्त्र ऐकून कलाबाईही पडद्याजवळ सरकल्या. तेवढ्यात ठिपका थोडा मागे गेला. मग पुढे आला. पुन्हा मागे!

“आन् हे काय वो?”

रंभाजींनी पडद्याला नाक लावलं. “नाचत्यात! पुलावरच नाचाया लागल्यात!”

मग काय! कढईत भज्यांचा घाणा पडला. हलगीवाल्यांनी जाळ करून हलग्या शेकल्या. बायकांनी फुलांची ताटं उचलली, आणि अख्खा मंडप वाजतगाजत पुलाकडे निघाला. घड्याळ बघत आचार्यही मागोमाग!

पुलावर ट्रक होता. ट्रकमध्ये सूर्यभान ड्रायव्हर होता. मागचा हौदा मात्र लग्नानंतरच्या पातेल्यासारखा रिकामा!

“वऱ्हाड कुठंय रं?”

“सोनईला, मालक.”

“आन् तू?”

“मी सकाळधरनं हितंच. तुमीच म्हनला हुता, डब्याचा दिवा इझला की नोकरी इझली! पूल वलांडला की दिवा इझतोय. मागं घेतला की लागतोय. लई डाव करून बघितलं, मालक, पर इमान सोडलं न्हाई!”

सूर्यभान एकदा ढाब्यावर झोपला होता, म्हणून रंभाजींनी खरोखरच असा दम भरला होता. रेंज पुलाशी संपते, तिथं दिवा विझणारच, हे मात्र त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं.

आचार्यांनी घड्याळावर बोट ठेवलं. आता सोनईला जाऊन यायचं म्हणजे दुपार टळणार! रंभाजी मंडपाकडे बघू लागले. जयमालाला आता काय तोंड दाखवायचं?

इतक्यात पलीकडून एसटीचा हॉर्न कोकलला. दारात लोंबकळत कंडक्टर ओरडला, “ओ हलगीवाले, सरका की! गाडीत नवरदेव हाय, वऱ्हाड हाय! त्याला बाराच्या आत पोचवायचाय!”

खिडकीत पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला सम्राट! मांडीवर कुणाचं तरी पोर, कुशीत कुणाची तरी कोंबडी.

“मामा, तुमच्या ट्रकची वाट बघून दमलो! आमी तर सातालाच तयार हुतो!”

वऱ्हाड, आणि सातला तयार!  मग हलगी जी कडाडली, ती एसटीला मंडपापर्यंत नाचवत घेऊन गेली. बाराच्या ठोक्याला नवरा-नवरीवर फुलं पडली. पहिल्या पंगतीला कंडक्टर, ड्रायव्हर आणि एसटीतले बाकीचे प्रवासी. गाडीला उशीर झाल्याची तक्रार कुणीच केली नाही!

संध्याकाळी पाठवणी. सूर्यभानने ट्रक धुऊन, फुलं लावून दारात उभा केला. जयमालाने रडता रडता एकदा डब्याच्या दिव्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

“आण्णा, आमी एसटीनंच जातो.”

रंभाजी त्यांना पोचवायला स्टँडवर गेले. गाडी हलली, तसे ते खिडकीला धरून चार पावलं पळाले. कलाबाईंना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले,

“पोचलीस की बूथवरनं फोन कर गं, बाई!”