तांबड्या अंगरख्याची चौकशी

लोणावळा स्टेशनचा बत्तीवाला महिपती याला तीन चेंडू एकाच वेळी हवेत उडवून झेलता येत होते, आणि ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती. सिग्नलच्या बत्त्या ठेवायच्या खोलीत, रॉकेलचे डबे आणि काजळी धरलेल्या काचा यांच्यामधे उभा राहून तो एकटाच झेलत असे. तेव्हाही त्याचा चेहरा असा असे, की चुकून कुणी आत डोकावलंच तर घरातलं कुणी गेलं की काय असं विचारावं.

गेलं होतंच. मागच्या श्रावणात त्याची सहा वर्षांची सगुणा तापाने गेली. त्याआधी उन्हाळ्यात गावात सर्कस आली होती, आणि तिथला चेंडूवाला पाहून आल्यापासून "आबा, तुमी पन करा" असा तिने धोशा लावला होता. महिपती आंबी गावच्या शेतकऱ्याचा पोर. त्याचे हात जड. दोन चेंडू जमायलाच त्याला तीन आठवडे लागले. तिसरा जमला तेव्हा पाहायला सगुणा नव्हती.

तिची आई कस्तुराबाई त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पडली नाही. भाकरी थापायची, वाढायची, भिंतीला टेकून बसायची. विचारलं तर "व्हय", नाहीतर "न्हाई". रेल्वेच्या चाळीतली नंदाबाई तिचं पाणी भरून द्यायची. इंदुरीहून तिचा भाऊ न्यायला आला, तर त्यालाही "न्हाई" एवढंच उत्तर मिळालं. सहा महिने उलटून गेले. माघ लागला.

माघात रेल्वे इन्स्टिट्यूटचं स्नेहसंमेलन असे. नोकर मंडळींनी आपापली कला दाखवायची, उत्तम कलेला चांदीचं पदक. कार्यक्रमाचे चिटणीस पार्सल ऑफिसातले भाऊसाहेब. एकदा ते बत्तीच्या खोलीत रॉकेलचा हिशोब विचारायला म्हणून शिरले आणि दारातच थबकले.

"महिपती, अरे हे काय? पुन्हा कर पाहू!"

महिपतीने पुन्हा केलं.

"नाव घालतो तुझं," भाऊसाहेब म्हणाले. "यंदा सात जण गाणार आहेत. तू आलास तर लोक निदान जागे राहतील."

महिपती नाहीच म्हणणार होता. पण भाऊसाहेब जाता जाता म्हणाले, "बायकामंडळींनाही बोलावलंय यंदा. एका बाजूला सतरंज्या घालणार आहोत." तेव्हा तो गप्प राहिला. कस्तुरा त्या सतरंजीवर येऊन बसली आहे, असं त्याला उगीचच दिसलं.

कागदावर चार रकाने होते: नाव, कला, पोशाख, संगीत. पहिले दोन भाऊसाहेबांनीच भरले. उरलेले दोन महिपतीच्या मानेवर बसले.

"मळक्या बंडीवर स्टेजवर यायचं नाही," भाऊसाहेबांनी बजावलं. "आणि मागे काहीतरी वाजलं पाहिजे. नुसता माणूस गुपचूप चेंडू उडवतोय हे बघायला बरं दिसत नाही."

संगीतासाठी महिपती युनूसकडे गेला. युनूस बाजारपेठेतल्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. दोघे एकाच तालमीत वाढलेले. युनूसने आनंदाने हो म्हटलं आणि वरातीतली सगळ्यात ठेक्याची चाल काढली. दुसऱ्याच फेरीत एक चेंडू महिपतीच्या नाकावर बसला, दुसरा युनूसच्या चहात पडला.

"जरा सावकाश वाजीव की."

"भाऊ, वरात सावकाश निघाली तर घोडं झोपतं," युनूस म्हणाला. पण त्याने चाल बदलली. मग पुन्हा बदलली. आठ-दहा चाली झाल्या. महिपतीचे हात सगळ्यांच्या मागे पडत होते. शेवटी युनूसने वैतागून एक संथ चाल काढली, आणि चेंडू एकाएकी असे वर-खाली होऊ लागले की जणू दोऱ्याला बांधलेत.

"ही कंची रं?" महिपतीने झेलता झेलता विचारलं.

युनूसने क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "पाठवणीची. नवरी सासरी निघते तवा वाजवतो ती."

 गल्लीत पाण्याला निघालेली एक म्हातारी तेवढ्यात भिंतीला हात टेकून डोळे पुसत होती. दुसरी चाल जमत नव्हती, म्हणून तीच ठरली. पण तालमीचा सूर चाळीपर्यंत जाता कामा नये, असं महिपतीने निक्षून सांगितलं. ज्या घरातून लेकीची पाठवणी आता कधीच व्हायची नव्हती, त्या घराशेजारी ही चाल कशी वाजवायची?

"मग कुटं वाजवायची?"

"वळवणच्या फुडं जाऊ. रुळाच्या कडंनं माळ हाय तितं. कुत्रं बी फिरकत न्हाई."

पोशाखाची कथा याहून वाईट झाली. युनूसने आपला बँडचा कोट दिला. तो महिपतीला गुडघ्यापर्यंत आला आणि तिसरा चेंडू बाहीत शिरून कोपरापाशी अडकून बसला. भाऊसाहेबांनी नाटकातला एक भरजरी झगा आणून दिला. तो हात वर करताच दोन्ही काखांत फाटला, कारण तो मुळात द्रौपदीचा होता. महिपती फाटका झगा काखोटीला मारून घरी आला आणि कस्तुराबाईसमोर ठेवून म्हणाला, "कार्यक्रमात काम हाय माझं. शिवाया लागंल एवढं."

कस्तुराबाईने झगा पाहिला, बाजूला सारला आणि पुन्हा भिंतीला टेकली.

चौथ्या दिवशी महिपती ड्यूटीवरून आला, तर खुंटीला एक अंगरखा लटकत होता. नवाकोरा. बाह्या पुऱ्या, काखेत सैल, कमरेला नेटका, गळ्याला बारीक हिरवी पट्टी. टाके इतके एकसारखे, की पाहत राहावं. सगुणाच्या परकरानंतर कस्तुराने सुई हातात धरली नव्हती.

अंगरखा तांबडाभडक होता. बत्त्यांच्या काचा पुसायला म्हणून महिपतीला स्टेशनातून जुनी, विटलेली निशाणं मिळायची. त्यांचं एक गाठोडं घरी कोपऱ्यात पडलेलं असे. तिने त्यातलं जरा धड तांबडं कापड निवडून, धुऊन, जोडून हे केलं होतं.

रेल्वेत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला तांबड्या रंगाचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही.  पण समोर ती उभी होती, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"बसंल का?" तिने विचारलं.

"ब्येस हाय," महिपती म्हणाला. स्टेजवरून कुठे गाड्या जातात, अशी त्याने मनाची समजूत घातली.

बुधवारी दुपारी दोघे वळवणच्या पुढच्या माळावर गेले. शनिवारी कार्यक्रम. अंगरखा घालून एकदा तरी तालीम झालीच पाहिजे, हा आग्रह युनूसचा. वारा बोचरा होता, आभाळ मळकं. महिपती रुळापासून दहा-बारा पावलांवर उभा राहिला, कारण तेवढीच जागा सपाट होती. युनूसने पाठवणी धरली. चेंडू चढले. दोन्ही हात खांद्याच्या वर, एकसारखे हलताहेत, नजर आभाळात, आणि त्या दुःखी सुरात महिपतीला बरं वाटत होतं. इतकं बरं, की पुण्याकडून येणाऱ्या मालगाडीचा धडधडाट त्याला ठेक्यातलाच वाटला.

मग शिट्टी झाली, एकसारखी, लांबलचक. चाकांतून ठिणग्या उडाल्या. मालगाडी करकरत येऊन त्याच्यासमोर थांबली आणि इंजिनातून ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, "काय झालंय? पूल गेला का?"

महिपतीचे तिन्ही चेंडू खाली पडले. "काय न्हाई," तो म्हणाला. "जावा तुमी."

पण गाडीला आता जाता येत नव्हतं. चढावर थांबलेली ती भरलेली मालगाडी काही केल्या हलेना. लोणावळ्याहून दुसरं इंजिन आणावं लागलं. तोवर मागची पॅसेंजर मळवली स्टेशनात सव्वा तास अडकून पडली, आणि तिच्यात एक वऱ्हाड होतं. गोरज मुहूर्तावरचं ते लग्न दिवेलागण उलटून गेल्यावर लागलं. त्या लग्नात वाजवायला युनूसच होता. त्याला पाहताच नवरदेवाच्या बापाने, गाडी का थांबली हे कळलेलं असल्यामुळे, मांडवातून हाकललं.

शुक्रवारी सकाळी पुण्याहून इन्स्पेक्टर साहेब चौकशीला आले. सडपातळ गृहस्थ, नाक लालबुंद, सर्दीने हैराण. स्टेशन मास्तरांच्या खोलीत त्यांनी टेबलावर एकीकडे कागद आणि दुसरीकडे रुमाल मांडला.

ड्रायव्हरने जबाब दिला. "तांबडा माणूस, दोन्ही हात वर करून हलवतोय, अन् शेजारी एक जण रडका सूर लावून पिपाणी वाजवतोय. साहेब, मला वाटलं पूल तर गेलाच, वर माणसंबी मेलीत."

"पिपाणी नव्हं, क्लॅरिनेट," युनूस दारातून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. महिपती, दोन्ही हात वर म्हणजे काय?"

"गाडी थांबवा, साहेब."

"तांबडं कापड म्हणजे?"

"थांबवा."

"आणि तू काय करत होतास?"

"चेंडू झेलत हुतो."

साहेबांनी नाक शिंकरलं, ते लिहून घेतलं आणि युनूसकडे वळले. "आणि तुम्ही काय वाजवत होतात?"

"पाठवणी, साहेब."

"कुणाची?"

युनूसने महिपतीकडे पाहिलं. महिपती जमिनीकडे पाहत होता. "कुनाचीच न्हाई," युनूस हळू म्हणाला.

तो अंगरखा कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं. महिपतीच्या घरी होता. शिपाई आणायला गेला. तोवर साहेबांनी कापडाचा विषय काढला. निशाण म्हणजे सरकारी वस्तू. ती घरी नेऊन तिचे कपडे शिवणं हा वेगळा गुन्हा. "कुणी शिवला?"

"मी शिवला," महिपती म्हणाला.

"टेलरचं काम येतं तुला?"

"येतं थोडं थोडं."

दार वाजलं. शिपाई घडी केलेला अंगरखा घेऊन आत आला आणि त्याच्या मागोमाग, डोक्यावरचा पदर दातांत धरून, कस्तुराबाई. महिपती उठून उभा राहिला. शिपाई खांदे उडवून म्हणाला, "मी नुसता अंगरखा मागितला, साहेब. बाई आपल्या आपण आल्या."

"ह्यांनी न्हाई शिवला," कस्तुराबाई म्हणाली. आवाज वापरात नसल्यामुळे पहिल्यांदा घोगरा निघाला. "ह्यांना बटन लावता येत न्हाई. मी शिवलाय. का?"

"बाई, हे निशाणाचं कापड आहे. सरकारी."

"चिंध्या हुत्या. तुमीच देता काचा पुसाया. काचा पुसल्या तर चालतं अन् मानसाच्या अंगाला लावलं तर चोरी व्हय?"

"पण तांबडंच का निवडलंत? हिरवं नव्हतं का?"

"सावळ्या मानसाला तांबडं शोभतं," कस्तुराबाई म्हणाली.

 युनूस खिडकीबाहेर बघू लागला. महिपतीचे कान अंगरख्याच्या रंगावर गेले.

"अन् ह्यो तुमचा डायवर," ती आता वळली होती, "ह्याला निशान अन् मानूस येगळं वळखू येत न्हाई? हातपाय असलेलं निशान कंदी बघितलंस का रं भाऊ तू?"

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, माझं काम—"

"थांब. साहेब, आलात तसं लिवून घ्या. चाळीतला नळ दोन महिन्यांपास्नं गळतोय. नंदाबाई बिचारी दोन घरचं पानी भरती, तिचा पाय घसरला तितं. आमच्या घरावरची कौलं गेल्या पावसाळ्यात फुटली, त्या ओलीत माझी लेक तापली. किती येळा सांगितलं ह्यांनी. ते लिवलं का कुनी?"

स्टेशन मास्तर घसा खाकरू लागले. साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं, रुमाल खाली ठेवला आणि म्हणाले, "सावकाश सांगा, बाई." ती सावकाश सांगत गेली. चौकशीचा कागद संपला, दुसरा घ्यावा लागला. दुसऱ्या कागदावर महिपतीचं नावही नव्हतं.

निकाल दुपारी लागला. महिपती आठ दिवस कामावरून दूर. अंगरखा जप्त. आणि स्नेहसंमेलनात त्याने भाग घेऊ नये. रेल्वेची आणखी शोभा नको. भाऊसाहेबांनी यादीतून त्याचं नाव खोडलं आणि आठवा गाणारा घातला.

शनिवारी दुपारी महिपती अंथरुणावर पालथा पडून होता. इतके दिवस जीव तोडून काय हाती लागलं, तर आठ दिवसांची शिक्षा. तेवढ्यात त्याला बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं. कस्तुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी होती.

"उठा की. चार वाजत आले."

"माझं नाव खोडलंय."

"तुमचं खोडलं. माझी सतरंजी कुटं खोडलीया?"

ते गेले. ती बायकांत जाऊन बसली, तो मागे पुरुषांत, भिंतीशी. आठही जण गायले. पाचवे भाऊसाहेब स्वतः. राजाच्या वेषात येऊन त्यांनी तान घेतली, आणि तान इतकी वर गेली, की तिच्याबरोबर डाव्या बाजूची मिशी सुटून ओठावर लोंबू लागली. भाऊसाहेब गातच राहिले. बायकांच्या बाजूने कुणीतरी हसलं. मोठ्याने, थांबता न येणारं, खोकला येईपर्यंतचं हसू. ते कुणाचं हे महिपतीला न वळताच कळलं.

त्याला आनंद झाला. पण थोडी जळजळही झाली. आपण महिनोन् महिने घाम गाळला, आणि ह्या माणसाची नुसती मिशी सुटली.

परतताना दिवे लागले होते. सिग्नलवर दुसऱ्याच कुणीतरी बत्त्या चढवल्या होत्या आणि त्यातली एक मिणमिणत होती. महिपतीने सवयीने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. शेजारून चालणारी कस्तुराबाई मधेच मिशी आठवून फुसकन हसली, मग डोळ्यांना पदर लावला, मग काही वेळ दोन्ही एकदमच करत राहिली. महिपती तिच्या पावलाशी पाऊल धरून चालला.

चाळ दिसू लागली तेव्हा तिने विचारलं, "एवढं गाडी थांबस्तोवर झेलत हुता, ते चेंडू हुते तरी किती?"

"तीन," महिपती म्हणाला. त्याची मान जरा ताठ झाली.

कस्तुराबाई थांबली. तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तीनच?"