भोयर सरांचे कण

भोयर सर सख्ख्या पुतण्याच्या लग्नातून मंगलाष्टकं चालू असताना उठले. हातातल्या अक्षता माझ्या ओंजळीत ओतून म्हणाले, "माह्याही टाकजो गा. पेशींची जेवाची वेळ झाली."

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरी सर वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. एकटेच. फार्मसी कॉलेजात शिकवतात आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमध्ये पेशी वाढवतात. पेशींना वेळेवर खाणं लागतं. सरांना नाही मिळालं तरी चालतं.

या पेशींच्या आत त्यांना औषध पोचवायचं आहे. पोह्याच्या टपरीवर एकदा त्यांनी मला ते समजावलं. "कण इतका बारीक, का डोळ्याले दिसत नाही. बत्तासाच समज. आत स्कॅनमध्ये दिसणारं औषध भरलं. पेशीत शिरला, फोटो निघाला, का त्यानं विरघळून गेलं पाहिजे. पाव्हण्यासारखा मुक्काम नाही ठोकाचा." हे सांगताना पोह्यांवरच्या तिखट तर्रीत चमचा इतका फिरवला की पोह्यांचा लगदा झाला.

पण कण ऐकतील तर ना. ते एकमेकांना चिकटून बसतात. तसं झालं, की त्या दिवशी सर जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत वर जातात.

"आजही घोळका करून बसले, वहिनी," असं माझ्या बायकोला सांगतात. ती वाटीभर पिठलं वर पाठवते. सर ते चमच्यानं उलटसुलट करून तपासतात. "एकही गाठ नाही. वहिनी, तुम्ही उद्यापासून माह्या लॅबमध्ये या." तिच्या पिठल्याबद्दल मी आजवर एक शब्दही बोललेलो नाही, हे मला तेव्हापासून वरचेवर ऐकावं लागतं.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आईला स्कॅन सांगितला. आधी शिरेतून औषध देतात, हे कळल्यावर ती अडून बसली. "माह्या अंगात रंग घालाले होळी हाय काय?"

दोन दिवस ती कोणाचंच ऐकेना. मग सर खाली आले. आता कणांवर व्याख्यान होणार म्हणून मी धास्तावलो. ते नुसते तिच्याजवळ बसले.

"मावशी, काहून भेता?"

आई हळूच म्हणाली, "आत एकटीलेच नेतेत म्हणतेत."

"दारापरेंत मी येतो."

दवाखान्यातल्या नर्सनं सरांना पाहून विचारलं, "आज बुधवारी कसे, सर? तुम्ही तर शनिवारचे."

आत जाताना अंगावर धातूचं काही चालत नाही. आई पाटल्या आणि चष्मा काढू लागली, तसा सरांनी सवयीनं रुमाल पुढे केला. मग नर्सनंच मला सांगितलं. खेड्यातून एकटी आलेली माणसं मंगळसूत्र, चष्मा कोणाकडे द्यावा म्हणून दारातच घुटमळतात. सर दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर इथल्या बाकावर बसून त्यांच्या वस्तू सांभाळतात.

"कधी बोलला नाहीत, सर."

"त्यात काय सांगाचं गा? घरी कोणी माही वाट पाहून राहते काय? इथं माणूस बाहेर आला, का पह्यले मले शोधते."

रिपोर्ट पुढे चांगला आला. पण त्या दिवशी अर्ध्या तासानं दार उघडलं, तेव्हा आईला चष्म्याशिवाय काही नीट दिसत नव्हतं. मी समोरच होतो.

"भोयर कुठं हाय?" तिनं विचारलं.

सर केव्हाचे उभे होते.